घरातील जुना संगणक : टाकावा की चालवावा?

(महोत्सवी सभेतील भाषणाचा मजकूर)



शाळेचे नवे वर्ष सुरू झाले की पालक एक प्रश्न हटकून विचारतात : "सर, घरी सात-आठ वर्षांचा संगणक आहे. तो मुलाला पुरेल, की कर्ज काढून नवा घ्यावा?" आपले दिलसुखनगर म्हणजे शिकवणी वर्गांची पेठ. येथे मुलांच्या शिक्षणासाठी आईबाप पोटाला चिमटा घेतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जबाबदारीने द्यावयास हवे.

घरच्या कामाला लागते तरी किती? पत्र लिहिणे, जमाखर्च मांडणे, परीक्षेचा अर्ज भरणे, धड्याची चित्रफीत पाहणे, परगावच्या आप्तांशी समोरासमोर बोलणे. एवढ्याला जुन्या संगणकाचा प्रोसेसर बहुधा पुरतो. अडते ते दुसरीकडे. मेमरी हे लिहावयाचे टेबल समजा आणि हार्ड डिस्क हे कपाट. टेबल लहान असले की कागदांसाठी सारख्या कपाटाकडे खेपा घालाव्या लागतात. आणि हार्ड डिस्कची तबकडी फिरून हवी ती जागा सापडेपर्यंत प्रत्येक खेपेस वेळ जातो. मेमरी आठ जीबी केली आणि फिरता भाग नसलेली एसएसडी बसविली की तेच यंत्र चपळ होते. हे भाग सिकंदराबादेत पार्क लेनच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये मिळतात. काही लॅपटॉपांत मात्र मेमरी वाढविता येत नाही. ते आधी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. विंडोज ११ तर इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर स्वीकारीत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट, पण पहारेकरी निवृत्त! सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत. त्याला उपाय लिनक्सचा. ती प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्यात मराठी, उर्दू, तेलुगू लिहिता येते. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षे मुले तिच्यावरच शिकत आली आहेत.

जुने ते सारेच सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. केवळ विंडोजवर चालणारे हिशेबाचे काम असेल, चित्रपटाची जुळणी करावयाची असेल, किंवा दुरुस्तीचा खर्च दुसऱ्या चांगल्या वापरलेल्या यंत्राच्या किमतीला जाऊन भिडत असेल, तर जुन्याचा मोह सोडावा.

विश्वस्तांना माझी एकच विनंती आहे. सभासदांच्या घरी माळ्यावर पडलेले संगणक मागवावेत, त्यांतील खाजगी माहिती पुसून घ्यावी, एसएसडी व लिनक्स घालून ते गरजू विद्यार्थ्यांस द्यावेत. एका नव्या यंत्राच्या पैशांत अशी कित्येक यंत्रे उभी राहतील. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर डोळे ताणून निबंध लिहिणाऱ्या मुलाला संगणकाचे वय विचारावेसे वाटत नाही. त्याला हवा असतो तो कळफलक आणि मोठा पडदा. तो आपल्याच माळ्यावर धूळ खात पडला आहे.