गाभण तपासणीतील सोनोग्राफी : आवाजाने कसे दिसते?
(नाशिक येथील पशुपालक मेळाव्यात दिलेले भाषण)



मी सस्यशास्त्र शिकवतो, पशुवैद्य नाही. तरी आज सोनोग्राफीवर बोलणार आहे, कारण प्रश्न आपल्या गोठ्यातला आहे. गाईला कृत्रिम रेतन केले, एकविसाव्या दिवशी ती उलटली नाही, म्हणून आपण ती गाभण धरतो. तीन महिन्यांनी डॉक्टर हात घालून तपासतात आणि सांगतात, गाय खाली आहे. तोपर्यंत माजाची चार चक्रे गेलेली असतात. चारा-खुराक गेला तो गेलाच, पुढचे वेतही लांबले. हेच तिसाव्या दिवशी कळले असते तर बेचाळिसाव्या दिवसाच्या माजावर नजर ठेवता आली असती. सोनोग्राफीने ते कळू शकते. कसे, ते पाहू.

त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या कड्यासमोर उभे राहून हाक मारा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. हाक एका सेकंदाने परत आली तर कडा 170 मीटरवर आहे, कारण आवाजाने जाऊन-येऊन दुप्पट अंतर कापले. यंत्रही हेच करते. हाक मारते, प्रतिध्वनी ऐकते आणि मधला वेळ मोजते. शरीराच्या मऊ भागात आवाज सेकंदाला सुमारे 1,540 मीटर जातो, म्हणून एक सेंटीमीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला सेकंदाचे 13 दशलक्षांश एवढाच वेळ लागतो. अशा असंख्य प्रतिध्वनींचे ठिपके मांडून पडद्यावर चित्र तयार होते.

हाक मारण्याचे आणि ऐकण्याचे काम प्रोबमधील स्फटिक करतात. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवले. गॅस पेटवायच्या खटक्याच्या लायटरमध्ये हेच घडते. उलट, स्फटिकाला वीज दिली की तो थरथरतो आणि आवाज निघतो. आपल्याला सेकंदाला 20 ते 20,000 कंपनांचा आवाज ऐकू येतो. गाईसाठीचा प्रोब साधारण 50 ते 75 लाख कंपनांचा असतो. कंपने जितकी जास्त तितके चित्र बारीक, पण आवाज लवकर विरतो. लांबच्या वरातीतला ढोल ऐकू येतो, सनई येत नाही, तसेच हे. म्हणून गुदमार्गातून प्रोब गर्भाशयाच्या अगदी जवळ नेतात.

आता मुख्य गोष्ट. आवाज परततो तो दोन वेगळ्या पदार्थांच्या सीमेवरून. पाण्यासारख्या द्रवात आत कुठे सीमाच नाही, म्हणून तो पडद्यावर काळा दिसतो. हाड पांढरे दिसते आणि त्याच्यामागे सावली पडते. तिसाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयात काळी पोकळी आणि तिच्यात करड्या रंगाचा इवलासा गर्भ दिसतो. त्याच्या हृदयाची फडफड दिसली की गर्भ जिवंत आहे हे नक्की.

हवेचे मात्र आवाजाशी वैर आहे. मांस आणि हवा यांच्या सीमेवरून जवळजवळ सगळा आवाज मागे फिरतो, पुढचे काहीच दिसत नाही. दवाखान्यात पोटावर जेल लावतात ते मधली हवा घालवण्यासाठी. गाईच्या बाबतीत डॉक्टर आधी शेण काढतात, कारण शेणात वायू असतो. ते घाई करत नसतील तर त्यांना घाई करू नका.

यात क्ष-किरण नाहीत, हे लक्षात घ्या. पण तिसाव्या दिवशी गाभण निघालेली गाय पुढे गर्भ टाकू शकते, म्हणून साठ दिवसांच्या सुमारास पुन्हा तपासा. आणि न तपासता, उलटली नाही म्हणून माजावर आणण्याचे इंजेक्शन मागू नका. प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन गाभण गाईला दिले गेले तर गर्भ पडतो. असे नुकसान करून घेतलेले पशुपालक मला भेटले आहेत.

सोनोग्राफी म्हटले की आपल्याला आणखी एक गोष्ट आठवते. तिचा गैरवापर रोखण्यासाठी महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 चा, तो 1 जानेवारी 1996 पासून अमलात आला. गाईच्या पोटात कालवड आहे की गोऱ्हा, हे तज्ज्ञ दोन महिन्यांच्या सुमारास सांगू शकतो. माणसाच्या गर्भाबाबत असे निदान करणे आणि करवून घेणे, दोन्ही गुन्हे आहेत.

तपासणीच्या दिवशी रेतनाची तारीख लिहिलेली वही जवळ ठेवा. गाय खोड्यात घ्या आणि खोडा सावलीत असू द्या, कारण उन्हात यंत्राचा पडदा दिसत नाही.