भाचीला अमेरिकेला न्यायचं होतं

आम्ही चिरनेरहून बोलतोय. भात झोडून झालंय, वाल पेरून झालाय, तेव्हा दुपारी घटकाभर रेडिओपाशी बसायला सवड असेल असं धरून चालतो. आज हप्ता, व्याज, कर्ज यातलं काही नाही. आज बोलायचंय मूल दत्तक देण्या-घेण्याबद्दल. तेही घेणारी माणसं परदेशात असतील, नोकरीपुरत्या व्हिसावर असतील, तर काय होतं त्याबद्दल.

आमच्या एका गटातली ताई. नाव सांगत नाही, तिची परवानगी घेऊनच बोलतोय. तिला दोन मुली, वर तिसरीही मुलगीच झाली. तिची नणंद आणि नंदावा अमेरिकेत. लग्नाला नऊ वर्षं, पाच वर्षांपासून तिकडे, मूलबाळ नाही, दवाखाने करून थकलेले. एक दिवस फोन आला, "वहिनी, धाकटी आम्हाला दे." सासूबाईंनी लगेच मान डोलावली. घरचंच रक्त, पोर अमेरिकेत शिकेल, इकडचा भार हलका होईल. नवराही हो म्हणाला. नणंद चार आठवड्यांच्या सुट्टीवर येणार, पाचशेच्या स्टँप पेपरवर लिहून घ्यायचं, नोटरीचा शिक्का मारायचा, पासपोर्ट काढायचा आणि पोरीला घेऊन जायचं, असं ठरलं.

ताई मासिक बैठकीला आली तेव्हा बचतीचे पैसे देऊन गप्प बसली. बैठक संपल्यावर म्हणाली, "नोटरीवाल्याने कागद तयार केलाय. त्यावर माझ्या सहीची जागाच नाही."

तिथून आम्ही या कामात पडलो. पनवेलला एका वकीलबाईंना भेटलो, मग अलिबागला जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन बसलो. बीएला आम्हाला राज्यशास्त्र होतं, पण यातलं काहीही ठाऊक नव्हतं, हे कबूल करतो.

पहिली गोष्ट कळली ती ताईच्या सहीची. १९५६ सालचा हिंदू दत्तक आणि निर्वाहाचा कायदा आहे. पूर्वी त्यात मूल देण्याचा हक्क आधी बापाचा होता. २०१० साली तो बदलला. आता आई आणि बाप दोघांचा हक्क सारखा, आणि एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय मूल देता येत नाही. सासूची संमती कायद्यात कुठेच नाही. याच कायद्यात असंही आहे की मूल दत्तक देण्या-घेण्यासाठी पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. आणि एकदा दत्तक झालं की ते मोडता येत नाही. नणंदेला उद्या स्वतःचं मूल झालं तरी नाही, ताईचा जीव तुटला तरी नाही. पोरीच्या नावावर आधीच काही मिळकत असेल तर ती तिचीच राहते, पण पुढचा वारसा नव्या घरातून. आपल्याकडे जमिनीचे भाव आणि कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची चर्चा यामुळे हे ऐकून ताईच्या घरचे जरा सावरून बसले. पोरीचं ऐकून नाही, जमिनीचं ऐकून. असो.

नोटरीच्या कागदाबद्दल वकीलबाई म्हणाल्या की दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असेल, देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्या असतील, तर न्यायालय ते खरं मानून चालतं. नुसत्या शिक्क्याला तो मान नाही. दुसरा रस्ता बाल न्याय कायद्याचा, २०१५ सालचा. त्यात काका, मामा, आत्या, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा यांना 'नातेवाईक' धरून मूल दत्तक घेता येतं. आत्या बसते त्यात. मूल पाच वर्षांचं किंवा त्याहून मोठं असेल तर त्याचीही संमती घ्यावी लागते. १ सप्टेंबर २०२२ पासून या कायद्याखालचा आदेश देण्याचं काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं.

पण खरी गाठ पुढेच आहे. घेणारे परदेशात राहत असले की रस्ता कुठलाही धरा, तो दिल्लीला केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे जातो. त्याला 'कारा' म्हणतात. त्यांचा ना हरकत दाखला लागतो. कारण १९९३ साली हेग इथे देशादेशांत करार झाला, भारत त्यात २००३ साली आला, अमेरिकाही नंतर आली. मुलांची चोरटी ने-आण थांबावी म्हणून तो करार. त्यात एक अट आहे. मूल ज्या देशात जाणार, त्या देशाने आधी सांगायचं की या मुलाला इथे येऊन कायमचं राहण्याची परवानगी आहे किंवा मिळेल.

कायमचं. हा शब्द आम्ही अलिबागला दोनदा विचारून घेतला. नंदाव्याचा व्हिसा एच-वन-बी. तो तीन वर्षांचा, पुढे वाढवून सहा वर्षांपर्यंत, त्यापुढे ग्रीन कार्डाच्या रांगेत असलात तरच. नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा गाशा गुंडाळायला साधारण ६० दिवस. नणंद त्याच्या व्हिसाला बांधलेली. ज्याला स्वतःला कायम राहायची परवानगी नाही, त्याच्या दत्तक मुलीला ती कोण देणार? परदेशातलं अनाथ मूल दत्तक घेऊन नेण्याची जी सोय अमेरिकेच्या कायद्यात आहे, ती तिथल्या नागरिकांसाठी आहे. आपल्या माणसांना ती लागू नाही.

बरं, इथे दत्तक झालं, पासपोर्टही निघाला असं धरू. आईबापाच्या मागे मुलाला मिळतो तो व्हिसा तरी? तिथला कायदा म्हणतो, दत्तक मूल 'मूल' ठरायला ते सोळा वर्षांच्या आत दत्तक घेतलेलं हवं, आणि दोन वर्षं त्याचा कायदेशीर ताबा दत्तक आईबापाकडे असून ते त्यांच्याजवळ राहिलेलं हवं. दोन वर्षं! नणंदेची सुट्टी चार आठवड्यांची. म्हणजे तिने नवऱ्याला तिकडे ठेवून इथे येऊन पोरीला सांभाळायचं. आणि चिरनेरच्या याच घरात सांभाळलं तर जन्माचे आईबापही तिथेच, मग पोरीचे निर्णय खरोखर कोण घेतं याचा पुरावा मागतात. उरण-पनवेलला खोली घेऊन वेगळं राहणं बरं. तोवर नवऱ्याची नोकरी टिकली पाहिजे, नाहीतर ज्या व्हिसासाठी दोन वर्षं काढली तो व्हिसाच संपायचा.

आखातात माणसं असलेली घरंही आपल्याकडे आहेत, त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. दुबई, कतार, कुवेत हे देश त्या हेग करारात नाहीत, तिथे आपल्या वकिलातीमार्फत जावं लागतं. मूल सांभाळणं तिथे पुण्याचं मानतात, पण त्याचं कूळ-नाव बदलणं त्यांच्या धर्मकायद्यात बसत नाही. कुटुंबाचा व्हिसाही पगारावर ठरतो. तेव्हा आधी तिकडे विचारा, मग इकडे कागद करा.

झाशीच्या राणीचं आठवतं ना? १८५३ साली गंगाधररावांनी भाऊबंदातलं मूल दत्तक घेतलं, दामोदरराव नाव ठेवलं. सगळ्या दरबारासमोर झालेलं दत्तक, पण इंग्रजांनी मानलं नाही आणि संस्थान घेतलं. घरच्यांनी मानलं तरी दुसरं सरकार मानेलच असं नाही. ताईच्या सासूबाईंना आम्ही हेच उदाहरण दिलं, तेव्हा कुठे त्या ऐकायला लागल्या.

एका गोष्टीवर मात्र आम्ही तिथे चिडलो. कुणीतरी सुचवलं, पुढचं बाळंतपण असतं तर दवाखान्यात आईच्या जागी नणंदेचंच नाव लावलं असतं, काही कटकट नको. बायांनो, हा खोटा दाखला आहे आणि गुन्हा आहे. पुढे परदेशी वकिलातीत रक्ताची तपासणी मागितली तर सगळं उघडं पडतं, आणि फरफट होते ती मुलाची. तसंच सापडलेलं, कुणी टाकून दिलेलं मूल परस्पर कुणाला दिलंत तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असं मूल दिसलं तर १०९८ ला फोन करायचा.

मग ताईचं काय झालं? आम्ही घरी गेलो, सगळ्यांना बसवलं, आणि तिला पहिल्यांदाच विचारलं, तुला द्यायची आहे का? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "वन्सं इथे राहिल्या असत्या तर दिली असती. रोज दिसली असती. मागनं न्यायची ती न्यायची, पण कागद अडला म्हणून पोरगी ना इकडची ना तिकडची, असं मला नको." तिने सही केली नाही. नवरा दोन दिवस जेवला नाही नीट. नणंदेने चार महिने फोन केला नाही. तिचंही चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. नऊ वर्षं वाट बघितलेली बाई ती.

माघी गणपतीला नणंद आली. महागणपतीच्या देवळात दोघी बरोबर गेल्या, धाकटी आत्याच्या कडेवर. नंदाव्याचं इकडे पुण्याला नोकरी बघणं चाललंय. परत आले तर इथले रहिवासी म्हणून काराच्या यादीत नाव घालणार आहेत. यादी लांब आहे आणि वयाचंही गणित आहे. दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या वर चालत नाही. त्यांची ७४ आहे. गृहभेटीचा अहवाल होईल, मूल घरी आल्यावरही दोन वर्षं विचारपूस होत राहील. लागणाऱ्या कागदांची यादी आम्ही ताईकडेच दिलीय. लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा, वैद्यकीय, सगळं. तीच आता नणंदेला फोनवर एकेक वाचून दाखवते.