जोनची साक्ष

फ्रान्समधल्या दोंरेमी गावी, सुमारे १४१२ साली, एका शेतकऱ्याच्या घरी जोन जन्मली. आईजवळ ती प्रार्थना शिकली, शिवण शिकली, सूत कातायला शिकली. लिहावाचायला मात्र नाही. तेव्हा उत्तरेचा मोठा मुलूख इंग्रजांनी बळकावला होता. तेराव्या वर्षापासून तिला संतांचे आवाज ऐकू येऊ लागले. पुढे ते सांगू लागले : जा, राजाला साहाय्य कर. १४२९ च्या मे महिन्यात तिच्या हिमतीवर ऑर्लेआंचा वेढा उठला. जुलैत रँस येथे सातव्या चार्ल्सला राज्याभिषेक झाला.

पुढच्याच वर्षी ती पकडली गेली, इंग्रजांना विकली गेली. रूआं शहरात धर्मपंडितांनी तिच्यावर पाखंडाचा खटला चालवला. विचारले, तुझ्यावर देवाची कृपा आहे का? ‘आहे’ म्हणावे तर गर्व, ‘नाही’ म्हणावे तर कबुली! पोर म्हणाली, नसेल तर देवाने करावी. असेल तर राखावी.

एकदा भयापोटी तिने माघारही घेतली. पण चारच दिवसांत ती आपल्या शब्दावर परत आली. ३० मे १४३१ रोजी तिला जिवंत जाळले. वय अवघे एकोणीस!

कारकुनांनी मात्र तिचे जबाब लिहून ठेवले होते. आईने दाद मागितली, तेव्हा तेच कागद पुन्हा तपासले गेले आणि १४५६ साली निकाल रद्द झाला. १९२० साली तिला संतपद मिळाले.

गुरुजी, मुलांना तिची लढाई सांगाल, तेव्हा तिचे ते उत्तरही सांगा.