गुप्त फायलींची साक्ष आणि चळवळीचे आरोग्य



ज्या देशात आम्ही नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने येऊन स्थिरावलो, त्या अमेरिकेच्या शासनाने येथील कृष्णवर्णीयांच्या समतेच्या चळवळीविरुद्ध पडद्याआड काय केले, याचा वृत्तांत त्याच शासनाच्या कागदपत्रांतून आज वाचावयास मिळतो. तो आम्ही अगत्याने वाचला पाहिजे, कारण या दोन चळवळींचे नाते जुने आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर झालेल्या निवेदनाविषयी विचारणा केली आणि अस्पृश्यांची व कृष्णवर्णीयांची स्थिती किती मिळतीजुळती आहे, हे नमूद केले. पुढे १९७२ साली मुंबईत जी तरुण संघटना उभी राहिली, तिने ‘दलित पँथर’ हे नाव घेतले ते येथील ब्लॅक पँथरवरून. ज्यांना बाबासाहेबांनी पत्र लिहिले, त्या ड्यू बॉइसांवर १९५१ साली परकीय हस्तक असल्याचा खटला भरण्यात आला. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, तरी शासनाने त्यांना कित्येक वर्षे पारपत्र नाकारले. ते १९५८ साली परत मिळाले, तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी गाठली होती.

या कागदपत्रांना प्रथम वाचा फुटली ती मात्र शासनाच्या इच्छेने नव्हे. ८ मार्च १९७१ च्या रात्री सारा देश महंमद अली आणि जो फ्रेझर यांच्या मुष्टियुद्धाकडे कान लावून बसलेला असताना, पेनसिल्व्हेनियातील मीडिया नावाच्या गावी एफ.बी.आय.च्या एका छोट्या कार्यालयात आठ सामान्य नागरिक शिरले आणि तेथील एक हजाराहून अधिक कागद घेऊन गेले. त्यांनी ते वृत्तपत्रांकडे धाडले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्याच महिन्यात वृत्तान्त छापला. त्या आठांपैकी बहुतेकांनी आपली नावे जगासमोर आणली ती थेट २०१४ साली. त्या कागदांतील एका टिपणीत, चळवळीतील लोकांच्या मुलाखती वाढवाव्यात अशी सूचना होती. त्यामागचा हेतू माहिती मिळवण्याइतकाच त्यांच्यातील संशय वाढवण्याचा आणि प्रत्येक टपालपेटीमागे एक हेर उभा आहे असे त्यांना वाटावयास लावण्याचा होता. बंधू-भगिनींनो, हे एक वाक्य आम्ही नीट ध्यानात ठेवावे. पुढील सर्व इतिहासाची गुरुकिल्ली त्यात आहे.

दुसऱ्या एका कागदावर ‘कॉइंटेलप्रो’ हा अपरिचित शब्द होता. त्या शब्दाचा माग काढण्यासाठी एका दूरचित्रवाणी वार्ताहराने न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कोठे उलगडा झाला. ही १९५६ ते १९७१ अशी पंधरा वर्षे चाललेली गुप्त मोहीम होती. आरंभी तिचे लक्ष्य कम्युनिस्ट पक्ष होता. १९६७ पासून कृष्णवर्णीयांच्या संघटनांवर तिचा स्वतंत्र रोख वळला. ४ मार्च १९६८ च्या आदेशपत्रात तिची उद्दिष्टे क्रमवार दिली आहेत: संघटनांची एकजूट होऊ न देणे, साऱ्या समाजाला जागवील असा तारणहार नेता उदयास येऊ न देणे, चळवळीला प्रतिष्ठा मिळू न देणे आणि तरुणांना तिच्याकडे वळू न देणे. पुढे सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५-७६ मध्ये या साऱ्याची चौकशी केली. तिला कृष्णवर्णीय संघटनांविरुद्धच्या २९५ कारवायांची नोंद आढळली. त्यांपैकी २३३ एकट्या ब्लॅक पँथरविरुद्ध होत्या.

या कारवाया कशा प्रकारच्या होत्या? बंदूक अखेरीस आली. आधी आला तो टंकलेखनयंत्रावर लिहिलेला खोटा कागद. १९६९ च्या जानेवारीत शिकागोतील एका टोळीच्या म्होरक्याला निनावी पत्र गेले की, पँथर तुझ्या जिवावर उठले आहेत. दोन्ही गटांत रक्तपात व्हावा, हा हेतू फायलीत नोंदलेला आहे. पँथरचे नेते ह्यूई न्यूटन कॅलिफोर्नियात होते आणि एल्ड्रिज क्लीव्हर अल्जिरियात. दोघांच्या मनात एकमेकांविषयी विष कालवणारी बनावट पत्रे धाडण्यात आली आणि १९७१ साली पक्ष उभा दुभंगला.

फ्रेड हॅम्पटन या तरुणाची कथा तर काळीज पिळवटणारी आहे. वय अवघे एकवीस. शिकागोत त्याने शाळकरी मुलांसाठी मोफत न्याहारीचा उपक्रम चालवला आणि कृष्णवर्णीय, पोर्तोरिकन व गरीब गोरे यांची एकजूट बांधली. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी त्याच्या घरावर छापा घातला. हॅम्पटन आणि मार्क क्लार्क ठार झाले. संघराज्याच्या चौकशीत आढळले की, पोलिसांकडून ८० हून अधिक गोळ्या सुटल्या आणि पँथरांकडून एक. हॅम्पटन जेथे निजत असे, त्या घराचा नकाशा एफ.बी.आय.ला पुरवणारा मनुष्य त्याच्याच संघटनेचा सुरक्षाप्रमुख होता. छाप्यानंतर त्याला ३०० डॉलर बक्षीस मिळाले. १९८२ साली शासनाने १८.५ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. अशा आईबापांचे दुःख कोणत्या रकमेने मिटते?

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बाबतीत तर शासनाने सभ्यतेची सारी मर्यादा सोडली. १९६३ च्या ऑक्टोबरपासून त्यांचे दूरध्वनी अधिकृत परवानगीने चोरून ऐकले जात होते. १९६४ साली नोबेल पारितोषिक जाहीर झाल्यावर, ते स्वीकारण्यापूर्वी, त्यांच्याकडे एक ध्वनिफीत आणि निनावी पत्र पाठवण्यात आले. त्यातील सूचक मजकुराचा अर्थ, तू स्वतःच आपला शेवट कर, असाच किंग यांच्या निकटवर्तीयांनी घेतला. ते पाकीट प्रथम उघडले ते त्यांच्या पत्नीने.

येथे आम्ही क्षणभर थांबावे. फाईल सत्य सांगते काय? याचेही उत्तर फाईलच देते. १९६३ च्या ऑगस्टमध्ये एफ.बी.आय.च्याच विभागाने अहवाल दिला की, कृष्णवर्णीयांच्या चळवळीवर कम्युनिस्टांचा म्हणण्यासारखा प्रभाव नाही. तो प्रमुख एडगर हूव्हर यांना रुचला नाही. एका आठवड्याच्या आत त्या विभागाचे अधिकारी विल्यम सुलिव्हन यांनी लिहून दिले की, आमचे चुकले, आपले बरोबर होते. आणि किंग हे राष्ट्राला सर्वांत धोकादायक आहेत. नवा पुरावा एकही नव्हता, बदलली होती ती फक्त साहेबांची मर्जी. म्हणून गुप्त फाईल ही ज्याच्यावर लिहिली त्याच्याविषयी जेवढी साक्ष देते, त्याहून अधिक साक्ष लिहिणाऱ्याविषयी देते.

आणि फाईल जे सांगत नाही, ते तिच्या तोंडी घालण्याचा मोहही आम्ही टाळला पाहिजे. ‘तारणहार’ रोखण्याचा आदेश निघाल्यानंतर बरोबर एका महिन्याने, ४ एप्रिल १९६८ रोजी, किंग यांची हत्या झाली. योगायोग मन अस्वस्थ करणारा आहे. तरीही १९७९ साली प्रतिनिधिगृहाच्या समितीने, कट असण्याचा संभव मान्य करूनही, त्यात शासकीय यंत्रणांचा हात असल्याचा पुरावा नाही असा निष्कर्ष दिला. २०२५ च्या जुलैत या हत्येसंबंधीची २ लाख ३० हजारांहून अधिक पाने खुली झाली. ती वाचताना पुरावा जेथे थांबतो तेथे थांबावे, ही शिस्त आम्ही बाबासाहेबांच्या संशोधनातून शिकलो आहोत.

ही शिस्त आम्हांस स्वतःच्या चळवळीकडे पाहतानाही हवी. आपल्याकडे एखादा गट फुटला की, ‘हे वरूनच घडवून आणले’ असे म्हणण्याची सवय आहे. कॉइंटेलप्रोच्या फायली असे सांगत नाहीत की, प्रत्येक फूट हेरांनी पाडली. त्या सांगतात ते याहून कठोर आहे. शासनाने भिंतीला नवी भेग पाडली नाही. जी भेग होती तीत पाचर ठोकली. व्यक्तिपूजा, पदाची ओढ, हिशेबातील संदिग्धता आणि पुराव्याविना केलेली निंदा, या भेगा आधीच होत्या. बनावट पत्र खरे वाटले, कारण ते खरे मानावयास मने तयार होती. आणि ज्या संघटनेत प्रत्येक जण प्रत्येकाला हेर समजू लागतो, तेथे प्रत्यक्ष हेराची गरजच उरत नाही.

दुसरा धडा कायद्याचा आहे. मीडियाच्या घटनेनंतर माहिती-स्वातंत्र्याचा १९६६ चा कायदा १९७४ साली राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडून बळकट करण्यात आला. कागद उघडले की न्याय कधी फार उशिरा का होईना, पण मिळू शकतो. माल्कम एक्स यांच्या १९६५ च्या हत्येप्रकरणी दोषी ठरलेल्या दोघांची २०२१ साली निर्दोष मुक्तता झाली, कारण त्यांना अनुकूल असलेला पुरावा एफ.बी.आय.ने व न्यूयॉर्क पोलिसांनी दडवल्याचे सिद्ध झाले. दोघांनीही वीस-वीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता आणि त्यांतील एक जण २००९ सालीच मरण पावला होता. कागद ज्याच्यासाठी उघडावयाचा, तो मनुष्यच तोवर हयात नव्हता.

भारतात २००५ साली माहितीचा अधिकार आला. महाराष्ट्राने तर २००२ सालीच स्वतःचा कायदा केला होता. परंतु २००५ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाने गुप्तवार्ता यंत्रणांना त्यातून वगळले आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन एवढाच अपवाद ठेवला आहे. सुभाषबाबूंच्या नातलगांवर स्वतंत्र भारताच्या यंत्रणेने वीस वर्षे पाळत ठेवली, हे लोकांना कळण्यास २०१५ साल उजाडले.

आमच्या इतिहासाचाही एक भाग अशाच कागदांत जपला गेला, हा काव्यगत न्याय म्हणावा लागेल. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली बाबासाहेब व अस्पृश्यांच्या चळवळीविषयी जो साधनग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ब्रिटिश मुंबई सरकारच्या गुप्त पोलीस अहवालांतील नोंदी आहेत. पाळत ठेवण्यासाठी जे टिपले गेले, तेच आज आमच्या संशोधकांचे साधन झाले आहे. परंतु आमचा इतिहास पोलिसांच्या लेखणीवर किती काळ सोपवावयाचा?

म्हणून या मंडळापुढे आमचे सांगणे एवढेच आहे. आपल्या प्रत्येक सभेचे इतिवृत्त लिहिले जावे, प्रत्येक डॉलरचा हिशेब सभासदांना पाहता यावा. सहकाऱ्यावर आरोप करावयाचा तर तो सभेत, नावानिशी आणि पुराव्यासह करावा. निनावी पत्र केराच्या टोपलीत जावे. ज्येष्ठांकडील पत्रे, पत्रके आणि छायाचित्रे एकत्र करून ती ग्रंथालयाच्या स्वाधीन करावीत. ज्या संघटनेचे सारे काही उघड्यावर आहे, तिच्यात पाचर ठोकावयास भेग सापडत नाही.

बाबासाहेबांनी संघटित व्हा असे सांगितले. सहकाऱ्यांचा परस्परांवरील विश्वास हाच त्या संघटनेचा पाया आहे, आणि तो पाया राखण्याचे काम कोणतेही शासन आमच्यासाठी करणार नाही.

जयभीम!