जादा हप्ता भरण्याआधी मोबाईलवर हिशोब

आज आपण घराच्या कर्जाबद्दल बोलणार आहोत. आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींच्या घरी आता असे कर्ज आहे. तालुक्याच्या गावी मुलाने घर घेतलेले असते, नाहीतर गावातच जुने घर पाडून स्लॅब टाकलेला असतो, आणि बँकेच्या कागदावर सहकर्जदार म्हणून आपली सही असते. सही आपली, पण किती हप्ते राहिले असे विचारले की उत्तर येते, "ते यांनाच माहीत."

सोयाबीनचे पैसे आले, भिशी लागली, की बैठकीत प्रश्न निघतो : यातले थोडे कर्जात जादा भरले तर काय फायदा? या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देऊ नये. मोबाईलवर कर्जाच्या हप्त्याचा हिशोब करणारे कॅल्क्युलेटर फुकट मिळते. त्याला तीनच आकडे लागतात : बाकी मुद्दल, व्याजदर आणि राहिलेले महिने. नाव, मोबाईल नंबर, पॅन यातले काहीही लागत नाही. जिथे हिशोबाआधी नंबर मागतात तिथून सरळ बाहेर पडा. हप्त्याच्या गणिताला आपला फोन नंबर कशाला हवा? आणि ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही.

आता आकडे ऐका, जमल्यास लिहून घ्या. समजा कर्ज ८ लाख, व्याज वर्षाला ९ टक्के, मुदत १५ वर्षे, म्हणजे १८० हप्ते. हप्ता येतो ८,११४ रुपये. पंधरा वर्षांत आपण भरतो १४ लाख ६० हजार. म्हणजे व्याजच ६ लाख ६० हजार! पहिल्या हप्त्यातले ६,००० व्याजात जातात आणि मुद्दल फिटते फक्त २,११४. सुरुवातीची वर्षे अशीच जातात. म्हणून दोन-तीन वर्षे हप्ते भरूनही कर्ज हलत नाही असे वाटते. ते खोटे वाटत नाही, खरेच फार हलत नाही.

याच कर्जात पहिल्या महिन्यापासून दर महिन्याला ५०० रुपये जादा भरले तर कर्ज २० हप्ते आधी संपते आणि व्याजाचे सुमारे ८५ हजार वाचतात. ज्यांच्या घरी महिन्याला पगार येत नाही, सुगीलाच पैसा येतो, त्यांनी दरवर्षी एकदा १० हजार जादा भरले तर २९ हप्ते कमी होतात आणि सुमारे १ लाख २१ हजार वाचतात.

पैसे कधी भरले याला फार किंमत आहे. दोन वर्षांनी एकदाच ५० हजार भरले तर सुमारे एक लाखाचे व्याज वाचते. तेच ५० हजार दहा वर्षांनी भरले तर वाचतात जेमतेम २६ हजार.

आणखी एक गोष्ट. जादा रक्कम भरली की बँक दोन प्रकारे हिशोब करू शकते. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते, किंवा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करते. दोन वर्षांनी ५० हजार भरून हप्ता कमी करून घेतला तर तो ७,५६९ होतो, महिना ५४५ रुपये हलके होतात, पण एकूण वाचतात ३५ हजारच. मुदत कमी केली तर लाख. घरात ओढाताण असेल तर हप्ता कमी करणेही चुकीचे नाही. पण ते आपण ठरवायचे. अर्जावर स्वच्छ लिहा, "मुदत कमी करावी", आणि पोच घ्या.

कॅल्क्युलेटर इंग्रजीत असले तरी घाबरायचे नाही. "लोन अमाउंट" म्हणजे कर्जाची रक्कम, "टेन्युअर" म्हणजे मुदत, "प्रीपेमेंट" किंवा "पार्ट पेमेंट" म्हणजे जादा भरणा. जादा भरण्याचा रकाना नसेल तरी अडत नाही. आपल्या उदाहरणात दोन वर्षांनी मुद्दल उरते ७ लाख ४४ हजार ६३४. त्यातून ५० हजार वजा करा आणि उरलेली रक्कम भरा. मग मुदतीचे महिने कमी करत जा, हप्ता आपल्या हप्त्याजवळ येईपर्यंत. १५६ महिन्यांवरून आपण १३८ वर येतो. भरताना मुद्दल आजचे घाला, कर्ज घेतले तेव्हाचे नको. व्याजदरही आजचाच. आणि शून्ये मोजा, लाखावर पाच.

हे आकडे बँकेच्या उताऱ्यात मिळतात. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनेप्रमाणे दर तिमाहीला किती मुद्दल फिटले, किती व्याज गेले, किती हप्ते राहिले हे बँकेने कर्जदाराला कळवायचे असते. राहिलेले हप्ते नक्की बघा. व्याजदर वाढला की हप्ता तोच राहतो आणि मुदत लांबते, घरात कुणाला पत्ताही नसतो. अशा वेळी हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा हक्क त्याच सूचनेने आपल्याला दिला आहे. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जात स्वतःच्या नावावर कर्ज असणाऱ्यांकडून बँकेला जादा भरण्याचा दंड घेता येत नाही. स्थिर दराचे कर्ज असेल किंवा पतसंस्थेचे असेल तर आधी विचारा.

पण प्रत्येक जादा रुपया घरकर्जातच टाकावा असे आम्ही म्हणणार नाही. एका गटात म्हैस विकून ५० हजार आले होते. घरधनी म्हणाले, बँकेत भरू. तिच्या डोळ्यापुढे मुलीची नर्सिंगची फी होती. सगळ्यांनी मिळून हिशोब मांडला. बँकेत ५० हजार भरले तर पहिल्या वर्षी साडेचार हजार व्याज वाचते. फीसाठी तेच ५० हजार दोन रुपये शेकड्याने बाहेरून उचलले तर वर्षाचे व्याज १२ हजार. दोन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला २४ टक्के, हे आपण तोंडाने बोलतो पण घरकर्जाच्या ९ टक्क्यांशेजारी ठेवून बघत नाही. आकडे बघून घरधनी गप्प बसले. फी भरली. घरकर्जात आता ते महिना ५०० जादा टाकतात. सोनेतारण, बाहेरचे हातउसने, गटाचे कर्ज, जे महाग ते आधी फेडावे. आणि दवाखान्यासाठी दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा. बँकेत भरलेला पैसा रात्री अकरा वाजता परत मिळत नाही.

शेवटचा हप्ता भरल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कर्ज फिटल्याचा दाखला घ्या. सातबाऱ्यावर बोजा चढवलेला असेल तर तो दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज करा, बोजा आपोआप उतरत नाही. पुढच्या बैठकीला येताना कर्जाचा उतारा सोबत आणा. बँक सखी येणार आहे, मोबाईल आमच्याकडे आहे.