लेसरला फक्त रंग कळतो



आजच्या विषयाने कोणी दगावत नाही, हे आधीच सांगून टाकतो. गालावरच्या लाल रेघा, नाकपुडीच्या कडेने गेलेली जांभळी शीर, मांडीवर नाहीतर घोट्यापाशी उमटलेले निळे-तांबडे जाळे, एवढाच आजचा मामला. हृदयविकार, मधुमेह आणि गुडघेदुखी व्याख्यानमालांतून दरवर्षी हजेरी लावतात. कातडीवर दिसणाऱ्या बारीक शिरांना व्यासपीठ मिळत नाही. माझ्या दवाखान्यात मात्र त्या रोज येतात, आणि येणाऱ्याचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : "डॉक्टर, याला लेसर करून टाका." दुखणे काय हे ठरायच्या आधी यंत्र ठरलेले असते. आजचा माझा खटाटोप हा क्रम उलटा करण्यासाठी आहे.

आधी मोजमाप. एक मिलिमीटरपेक्षा बारीक, तांबड्या किंवा जांभळट रेघा, हा पहिला प्रकार. एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या, थोड्या खोल आणि म्हणून निळ्या-हिरव्या दिसणाऱ्या, हा दुसरा. तीन मिलिमीटरच्या पुढे, उभे राहिल्यावर फुगणाऱ्या आणि बोटाला लागणाऱ्या वेड्यावाकड्या शिरा, म्हणजे आपण ज्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो त्या. पायांच्या शिरांच्या विकारांची जगभर चालणारी एक प्रतवारी १९९४ साली ठरली. तिच्यात शून्य म्हणजे डोळ्यांना काहीच न दिसणे आणि सहा म्हणजे पायावर उघडी जखम. आपल्या बारीक शिरा एकवर येतात. एकवरचा माणूस चढत चढत सहावर जातोच असे मुळीच नाही.

आता लेसर. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅलिबूला थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून जगातला पहिला लेसर चमकवला. पुढच्या काही वर्षांतच सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन तो कातडीवर आजमावू लागले. १९६४ साली न्यू जर्सीच्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा लेसर तयार झाला. तो करणारे कुमार पटेल बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. त्यांचा लेसर पाण्यात शोषला जातो, रक्ताला तो ओळखत नाही, त्यामुळे आजच्या विषयाशी त्यांचा थेट संबंध नाही. पण मराठी व्यासपीठावरून लेसरबद्दल बोलायचे आणि बारामतीचे नाव काढायचे नाही, हे मला जमले नसते. शिवाय त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेत निओडिमियम-याग नावाचा लेसर तयार झाला, आणि आपल्यासारख्या सावळ्या माणसांच्या शिरांसाठी आज सर्वांत कामाला येतो तो हाच.

सत्तरच्या दशकात आर्गॉन लेसरने जन्मजात लाल डागांवर उपचार होऊ लागले. डाग फिका व्हायचा, पण पुष्कळदा त्याच्या जागी व्रण राहायचा. किरण सलग पडत राहायचा आणि उष्णता शिरेतून बाहेर पसरून शेजारची कातडी भाजायची. त्यावरचा तोडगा १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या हार्वर्डच्या दोघांनी 'सायन्स' नियतकालिकात मांडला. ज्याला मारायचे त्याच्याच रंगात शोषला जाईल असा प्रकाश निवडा, आणि उष्णता बाहेर झिरपायच्या आत तो थांबवा. बशीतला चहा पटकन निवतो, पातेल्यातला निवत नाही. तसेच बारीक शिरेला थोडा वेळ पुरतो, जाड शिरेला जास्त द्यावा लागतो. जाडी दुप्पट झाली तर हा वेळ चौपट होतो. सगळा हिशेब सेकंदाच्या हजाराव्या भागांतला. आज शिरांवर चालणारे प्रत्येक लेसर यंत्र या एका निबंधाचे ऋणी आहे.

शिरेत रंग कशाचा? रक्तातल्या हिमोग्लोबिनचा. हिरवा आणि पिवळा प्रकाश त्यात चांगला शोषला जातो. म्हणून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर आणि ५९५ नॅनोमीटरचा पिवळा, हे चेहऱ्यावरच्या लाल रेघांसाठी गोऱ्या लोकांच्या देशांत प्रसिद्ध झाले. आपल्याकडे गणित इथेच अडते. लेसरला फक्त रंग कळतो. समोरची शीर रोगाची आहे की नाही हे त्याला कळत नाही, आणि रंग रक्ताचा आहे की कातडीचा, याच्याशीही त्याला देणेघेणे नाही. आपल्या कातडीतले मेलॅनिन हाच प्रकाश वाटेतच पिऊन टाकते. शिरेपर्यंत थोडा पोचतो, वरची कातडी मात्र तापते; मग फोड, आणि फोडानंतर महिनोन्महिने रेंगाळणारा काळा डाग. लाल रेघ घालवायला आलेली मुलगी काळी पट्टी घेऊन परत जाते.

हार्वर्डचेच थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली उन्हात कातडी भाजते की काळवंडते यावरून तिचे प्रकार पाडले. आज ते सहा मानतात. आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात बसतो, काही तिसऱ्यात. गोऱ्या कातडीसाठी ठरवलेले आकडे इथे जसेच्या तसे लावणे हा माझ्या मते या उपचारातला सर्वांत मोठा हलगर्जीपणा आहे. १०६४ नॅनोमीटरचा याग लेसर डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त. तो मेलॅनिनमध्ये कमी अडकतो आणि काही मिलिमीटर खोल जातो, म्हणून आपल्याला तो सोयीचा. पण हिमोग्लोबिनही त्याला कमीच पकडते. त्यामुळे ऊर्जा जास्त द्यावी लागते, चटका जास्त बसतो आणि चुकीला जागा फार थोडी उरते. नाकपुडीच्या कडेला एकाच ठिकाणी दोन-तीनदा मारा झाला तर जखम होऊन कायमचा खळगा पडू शकतो. तिथे शीर थोडी उरली तरी चालेल, नाक शाबूत राहिले पाहिजे.

प्रत्यक्षात काय होते, तेही सांगतो, कारण भीती बहुधा त्याचीच असते. चेहरा धुऊन कोरडा करतात, फोटो काढतात. रुग्णाच्या डोळ्यांवर घट्ट झाकण आणि खोलीतल्या प्रत्येकाला त्या लेसरसाठीचाच चष्मा. हा नियम पाळला जात नसेल तर खुर्चीवरून उठून सरळ घरी या. पापणीजवळच्या निळ्या शिरेवर लेसर मारायला कोणी चटकन तयार झाला, तरीही उठा. प्रत्येक झटक्याच्या आधी-नंतर कातडी थंड करतात, गार जेलने, फवाऱ्याने किंवा गार हवेने. क्षणभर चटका बसतो. शीर तिथल्या तिथे फिकी पडते किंवा काळसर होते. चेहरा दिवस-दोन दिवस सुजतो, लाल राहतो. पिवळ्या लेसरने कधी कधी आठवडाभर जांभळे डाग राहतात. लग्नाच्या आदल्या आठवड्यात येऊ नका, एवढीच विनंती. चेहऱ्याला साधारण महिना-दीड महिन्याच्या अंतराने दोन-तीन वेळा यावे लागते. ऊन लागून ताजी काळवंडलेली कातडी असेल तर आम्ही पुढची तारीख देतो. त्याचा राग मानू नये. या प्रकाशाने कॅन्सर होतो, ही समजूत मात्र सोडून द्या. क्ष-किरणांची ही जात नाही.

पायांचे शास्त्र वेगळे आहे. चेहरा हृदयाच्या वर असतो, पाय खाली. स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालू लागले की पोटऱ्या आकुंचन पावून रक्त वर ढकलतात आणि तोच दाब वीस-तीसपर्यंत उतरतो. रक्त मागे येऊ नये म्हणून शिरांत झडपा असतात. पादुआचे फाब्रिचियस यांनी त्यांचे वर्णन १६०३ साली छापले. पण त्या कशासाठी आहेत हे त्यांचा शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ च्या ग्रंथात नीट उलगडले. तासन्‌तास एका जागी उभे राहणारे चौकातले पोलीस, सलूनवाले, फळ्यापाशी उभे शिक्षक आणि ओट्यापाशी उभ्या गृहिणी, यांच्या पोटऱ्यांना पुरेसे काम मिळत नाही आणि झडपांवर ताण येतो. आईच्या पायाला शिरा असतील तर मुलीलाही येण्याचा संभव जास्त. गरोदरपणात तर हमखास म्हणावे इतपत दिसतात. त्यातल्या बऱ्याच बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप फिक्या होतात. म्हणून बाळंतिणीला मी थांबायला सांगतो.

पायावरच्या बारीक शिरांना पहिला उपाय लेसर नाही, इंजेक्शन आहे. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो, कारण सुई जुनी आणि लेसर नवा. अतिशय बारीक सुईने पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट शिरेत सोडतात. तिच्या आतल्या अस्तराला इजा होऊन ती मिटते आणि शरीर हळूहळू तिला शोषून टाकते. खालची निळी शीर वरच्या लाल जाळ्याला रक्त पुरवत असेल, तर औषध त्या निळ्या शिरेतूनही जाळ्यात उतरते. लेसर वरवरचे जाळे भाजतो. पुरवठा चालू राहिला की जाळे पुन्हा उमटते. सुईच्या टोकापेक्षाही बारीक लाल रेघा, इंजेक्शननंतर उठलेली लालसर झाक, औषधाची ॲलर्जी, सुईची खरीखुरी दहशत, इथे लेसरला वाव आहे. परिणाम दिसायला पायावर महिने लागतात. धीर नसेल तर सुरुवातच करू नये.

"शीर बंद केली तर रक्त कुठून जाणार?" हा प्रश्न आजोबा लोक हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. पायातले बहुतेक रक्त खोल, स्नायूंमधल्या शिरांतून वर जाते. या बारीक रेघा त्या वाहतुकीत जमेस धरण्याजोग्या नाहीत.

मात्र घोट्याच्या आतल्या बाजूला पंख्यासारखी पसरलेली निळी-लाल नक्षी दिसली तर मी यंत्राकडे बघतही नाही. ती आतल्या मोठ्या शिरेच्या झडपा निकामी झाल्याची खूण असू शकते. पाय संध्याकाळी सुजतो, जड होतो, पोटरीच्या खालची कातडी काळवंडून खाजते, असे असेल तर आधी उभे करून डॉप्लर सोनोग्राफी. त्यात दोष निघाला तर मोठ्या शिरेत तंतू घालून आतून करायचा लेसर असतो. ते शस्त्रक्रियातज्ज्ञांचे काम. दोन्हींना लेसर म्हणतात म्हणून लोक गफलत करतात आणि ब्यूटी पार्लरमध्ये पाय दाखवतात.

चेहऱ्याकडे परत येतो. इथे लाल रेघा का येतात? वर्षानुवर्षांचे ऊन, वय, रोझेशिया नावाचा गाल-नाक लाल करणारा विकार. क्वचित मध्ये एक ठिपका आणि भोवती पाय पसरलेली कोळ्यासारखी शीर दिसते. छातीवर अशा पुष्कळ असल्या तर यकृत तपासायला हवे, विशेषतः दारू पिणाऱ्याचे. पण आपल्याकडे, तरुण मुलींमध्ये, एक कारण असे आहे की ज्याचा मला मनस्वी संताप येतो. गोरे करणारी, वांग घालवणारी, 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब.

तिची कुळी चांगल्या घरातली आहे. १९७५ साली फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन आणि आयझॅक विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड यांचे मिश्रण काळ्या डागांसाठी सुचवले. आपल्या बाजारात त्याचे भाऊबंद मोमेटासोन घालून आले. डॉक्टरने ठराविक आठवडे देऊन बंद करायचे औषध. मैत्रिणीने सांगितले, दुकानदाराने काढून दिले, दोन आठवड्यांत चेहरा उजळला, मग वर्षानुवर्षे रोज रात्री. स्टिरॉइडने कातडी पातळ होते, शिरांना आधार देणारे तंतू झिजतात, शिरा पसरतात आणि पातळ कातडीतून दिसू लागतात. मुरुमे उठतात, ओठांवर लव वाढते, उन्हात गेले की आग होते. ट्यूब सोडली की चेहरा पेटतो, म्हणून मुलगी पुन्हा ती लावते. कोलकात्याचे डॉ. कौशिक लाहिरी आणि डॉ. अरिजित कुंडू यांनी २००८ साली या अवस्थेचे वेगळे वर्णन केले. पुढे त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने लढा दिला आणि २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. कायदा झाला. दुकानातली सवय मात्र अजून तशीच आहे.

अशा चेहऱ्यावर लगेच लेसर मारणे म्हणजे रुग्णाची फसवणूक. पातळ कातडी सहज भाजते, आणि ट्यूब चालू आहे तोवर नव्या शिरा येतच राहतात. आधी मलम उतरवायचे, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन यांवर काही महिने काढायचे, कातडीला सावरू द्यायचे. पुष्कळ लाली तेवढ्यानेच जाते. मग उरतील त्या रेघांसाठी यंत्र आहेच.

तेव्हा आज घरी गेल्यावर एक काम करा. आरशाजवळची किंवा मुलीच्या कपाटातली ट्यूब उलटी करून तिच्यावरचे बारीक अक्षर वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादे नाव दिसले आणि ती चेहऱ्याला रोज लागत असेल, तर मुलीवर रागावू नका आणि घाबरून ट्यूब एकदम बंदही करू नका. ती ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.