जुन्या पिकअपचे सुख

ओझ्यासाठी घडविलेले वाहन माणसाच्या रोजच्या बैठकीसाठी वापरावयाचे म्हणजे दोन भिन्न प्रयोजनांची सांगड घालणे होय. खानदेशात ही सांगड नित्य पाहावयास मिळते. रावेर-यावलच्या मळ्यांतून केळीचे घड वाहिलेली पिकअप वयस्क झाली, मोठ्या खेपा दुसऱ्या गाडीकडे गेल्या, तरी धनी तिला मोडीत काढीत नाही. जळगावच्या बाजारपेठेत, शेतावर, प्रसंगी एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्यापर्यंत तो तिच्यातूनच हिंडतो. मात्र संध्याकाळी घरी उतरताना कंबर धरून उतरतो. ही कंबर वाचविता येईल काय, हा आजचा प्रश्न.

हे वाहन मुळात अमेरिकेतील शेतकऱ्याच्या सोयीचे. फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या मॉडेल टी गाडीस कारखान्यातच हौदा बसवून ती विकावयास आरंभ केला, आणि पुढे तिकडे पिकअप ही घरगुती गाडीच होऊन बसली. आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत जीप जुळविण्यास प्रारंभ केला. टाटांची पिकअप १९८८ साली पुण्याहून बाहेर पडली. परंतु येथे तिची ओळख प्रामुख्याने मालवाहू म्हणूनच राहिली, आणि तिची सारी घडण त्याच हिशेबाने झाली.

रिकामी पिकअप का आदळते, याचे कारण तिच्या मागील पाट्यांत आहे. एकावर एक रचलेले पोलादी पाटे भरल्या हौद्याचे वजन पेलण्यासाठी ताठ ठेवलेले असतात. सर्वांत खालचा जाड पाटा तर पुष्कळ गाड्यांत भार पडल्यावरच कामास लागतो. हौदा रिकामा असता पाटे पुरेसे दबत नाहीत आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट बैठकीपर्यंत पोहोचतो. यावर गॅरेजमध्ये चटकन सुचविला जाणारा उपाय म्हणजे एक-दोन पाटे काढून टाकणे. हा उपाय घातक आहे. पाटा कमी केल्याने गाडी मऊ होते खरी. पण तीच गाडी पुढच्या हंगामात केळी भरून निघाली म्हणजे मागे बसते, पुढची चाके हलकी होतात, सुकाणूची पकड सुटते आणि उरलेले पाटे मोडण्याची भीती राहते.

सुज्ञ माणसाने घडण न बदलता झीज भरून काढावी. वर्षानुवर्षांच्या धुळीने व गंजाने पाटे एकमेकांस चिकटतात. ते सोडवून, घासून, ग्राफाइटयुक्त ग्रीस लावून पुन्हा बसविले असता पुष्कळ फरक पडतो. पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश वाळून फुटलेले असतात. ते नवे घालावे. शॉकअपची परीक्षा सोपी आहे: गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडावा, ती एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, डोलतच राहिली तर शॉकअप बदलण्याची वेळ आली. टायरांतील हवेचाही विचार करावा. भरल्या व रिकाम्या गाडीसाठी कंपनीने निरनिराळा दाब सांगितला असेल तर तो पाळावा, आणि हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. वैशाखाच्या दुपारी तापल्या टायरातील वाढलेला दाब पाहून हवा सोडणे ही चूक होय.

यानंतर बैठक. फार मऊ गादी पहिले दहा मैल सुखाची वाटते. पुढे कंबर तीत रुतते. कुशनवाल्याकडून घट्ट फोम घालवून घ्यावा आणि पाठीच्या खालच्या भागास आधार ठेवावा.

खानदेशचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यातच इंजिनाची धग पायांशी येते. पेडल व तारा जेथून आत येतात तेथील भोके रबराने बुजवावी, पायाखाली जाड नमदा व वर रबरी चटई अंथरावी. धुराड्याच्या नळीजवळ मात्र चटकन पेटणारा स्पंज कधीही लावू नये. दारांची रबरे नवी केली आणि मागच्या फाळक्याच्या सैल साखळ्या व बिजागऱ्या घट्ट केल्या म्हणजे खडखडाट बराच ओसरतो. पंखा वा जादा दिवा जोडावयाचा तर त्याच्या तारेस स्वतंत्र फ्यूज असावा. काचांना गडद काळी फिल्म लावण्याचा मोह आवरावा. नियमाप्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यावाच लागतो.

कायद्याची मर्यादा एवढ्यावरच संपत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ घडणीत मनमानी फेरबदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हाच दंडक पुन्हा स्पष्ट केला. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीची योग्यता-तपासणी दरवर्षी होते. तेथे असे फेरबदल उघडकीस येतात. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे हौद्यात बाके टाकून वऱ्हाड नेणे. चालकाच्या सुखाची सोय करताना मागे बसलेल्यांच्या जिवाचा विसर पडतो. तेथे ना पट्टा, ना छप्पर. गाडी कलंडली तर धरावयास काहीच नाही, आणि विम्याचा आधारही बहुधा मिळत नाही. पाहुणे अधिक असतील तर दुसरी गाडी करावी.

तात्पर्य, खर्चाचा क्रम असा असावा: प्रथम ब्रेक व सुकाणू, मग पाटे, बुश व शॉकअप, नंतर टायर, नंतर बैठक व उष्णतेचा बंदोबस्त, रंगरंगोटी व झगमगाट सर्वांत शेवटी. पुष्कळांच्या घरी हा क्रम नेमका उलटा असतो, आणि म्हणूनच चकचकीत गाडीतून उतरणारा माणूस कण्हत उतरतो. हा क्रम पाळला तर जुनी पिकअप मोटारीसारखी मऊ होणार नाही. परंतु धन्याला धुळ्यापर्यंत धडपणे नेऊन पुन्हा घरी आणील, आणि हंगाम आला की केळीचे ओझेही पूर्वीप्रमाणे पेलील.